मंडळीत नव्याने आलात? दान कसं द्यायचं, कुठे द्यायचं आणि कुठे हात आखडायचा

बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं किंवा लग्न होऊन नव्या मंडळीत आलात, की महिन्याभरातच देण्याघेण्याचे प्रश्न समोर उभे राहतात. थाळी फिरते तिच्यात किती टाकायचं? दशांश म्हणजे हातात येणाऱ्या पगाराचा की कपातीआधीच्या? उपासना सुटल्यावर फाटकाशी हात पसरून उभ्या असलेल्या माणसाला काय म्हणायचं? उपदेशात ‘उदार मनाने द्या’ एवढं सांगून होतं आणि पुढचं गीत सुरू होतं. उरलेलं ज्याचं त्याने शोधायचं.

या लेखात ते उरलेलं आहे. महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या आणि धर्मग्रामं (कॅथलिक पॅरिश) डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. प्रोटेस्टंट असा वा कॅथलिक, शब्द थोडे बदलतील, रीत तीच राहील. सुरुवातीलाच एक सांगतो: मनाला पाझर फुटला की द्यायचं, अशी सवय लावून घेऊ नका. त्या सवयीने दिलेले पैसे बहुतेकदा जो मोठ्याने रडतो त्याच्याकडे जातात, आणि जी बाई तोंडातून शब्द काढत नाही तिच्या घरी चूल पेटत नाही. पगाराच्या तारखेला ठरवून दिलेलं दान तिच्यापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त.

लागणारं सामान थोडकंच:

- शंभर पानी वही, फक्त या हिशेबासाठी
- तीन लिफाफे, किंवा बँकेत एक वेगळं बचत खातं
- झाकणाचा पाच किलोचा डबा (कशाला, ते पुढे येईल)
- पॅन क्रमांक, देणगीची पावती करताना लागतो
- तहसील कार्यालय आणि सेतू केंद्राच्या वेळा कागदावर लिहून

1. आधी कोणाचं देणं राहिलंय ते पाहा

दानाचा आकडा ठरवण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर थकलेली देणी लिहा. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार पाच तारखेचा असताना बारा तारखेला जातो का? शेतावरच्या मजुराला ‘पट्टी आली की देतो’ म्हणून ठेवलंय का? मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. मजुराचे पैसे अडकवून रविवारी थाळीत टाकलेली नोट त्याच मजुराची असते.

दुसरं घरचं. आईवडिलांची औषधं, भावाच्या मुलांची फी. देवाला वाहिलंय असं सांगून आईबापांना काही न देण्याच्या रीतीवर येशूने ‘कुर्बान’ हा शब्द घेऊनच टीका केली (मार्क 7). स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले शब्द तर याहून कडक आहेत.

तिसरं कर्ज. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला 36 टक्के किंवा त्याहून जास्त दराने वाढत असेल तर आधी ती फेडा. तोवर दान शून्यावर आणू नका, पण उत्पन्नाच्या दोन-तीन टक्क्यांवर ठेवा. सवय टिकणं महत्त्वाचं. घराचं किंवा शिक्षणाचं नियमित हप्त्याचं कर्ज यात धरू नका, नाहीतर वीस वर्षं दानाचा मुहूर्त लागणार नाही.

2. दशांशाचा आकडा

यावरून मंडळीत वाद होतात, म्हणून थोडं सविस्तर. जुन्या करारात एकच दशांश नाही. लेव्यांसाठीचा, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशासाठीचा, एक (गणना 18), सणाच्या वेळी कुटुंबासह देवासमोर खाण्याचा एक, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या लेवी, परदेशी, पोरकी मुलं आणि विधवांसाठी गावातच साठवायचा एक (अनुवाद 14). हे तिन्ही वेगळे की एकच वेगवेगळ्या प्रकारे वापरायचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याशिवाय शेताचे कोपरे न कापता सोडायचे आणि पडलेली कणसं वेचायची नाहीत (लेवीय 19). रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात जे वेचत होती ते हेच. नव्या करारात मंडळीला ठरावीक टक्का सांगितलेला नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता, जबरदस्तीने नव्हे, असं प्रेषित पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो.

तेव्हा दहा टक्के हे चांगलं माप आहे, वर्गणी नव्हे. काही मंडळ्या दहावर ठाम असतात, त्यांच्या शिस्तीचा मान ठेवा. पण कोणी तुमची पगाराची स्लिप मागत असेल किंवा दशांश न दिल्याने आजारपण आलं म्हणत असेल, तर तिथे नम्रपणे विषय संपवा.

हिशेब कसा धरायचा:

- नोकरदार: हातात येणारी रक्कम धरा. 28,000 मिळत असतील तर 2,800. भविष्यनिर्वाह निधी पुढे कधीतरी हातात येईल तेव्हा त्यातून वेगळं द्या.
- शेतकरी: बाजार समितीची पट्टी आली म्हणजे ती सगळी कमाई नव्हे. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, हमाली-तोलाई, गाडीभाडं वजा करून जे उरेल त्यावर. कांद्याचा भाव पडून तोटा झाला असेल तर दशांश शून्य, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.
- दुकानदार, रिक्षावाले, रोजंदारीवाले: आठवड्याचा नफा शनिवारी रात्री काढा. महिन्याचा धरलात तर तिसऱ्या आठवड्यात पैसे खर्च झालेले असतात.

3. खर्च करण्याआधी बाजूला काढा

करिंथच्या मंडळीला पौलाने अगदी व्यवहारी सूचना दिली: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गणी गोळा करत बसावं लागणार नाही. महिनाअखेर उरेल त्यातून देऊ म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही.

2,800 रुपये असतील तर तीन लिफाफे असे करता येतील: मंडळीसाठी 1,500, ठरलेल्या गरजूसाठी 900, अचानक आलेल्या गरजेसाठी 400. तिसरा लिफाफा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी. फाटकाशी कोणी भेटलं, शेजारी कोणाला रात्री दवाखान्यात न्यायला रिक्षाभाडं लागलं, तर ते यातून जातं. तो रिकामा असेल तर त्या महिन्यापुरतं ‘नाही’ म्हणणंही सोपं जातं. महिन्याअखेर त्यात काही उरलं तर घरखर्चात मिसळू नका, पुढच्या महिन्याला ओढा.

आता तो डबा. मिझोरामच्या मंडळ्यांमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ चालत आलेली पद्धत आहे: भात शिजवायला घेताना प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ काढून वेगळ्या भांड्यात टाकायचे, ते गोळा करून चर्चला द्यायचे. बायकांनी चालवलेल्या या मूठभर तांदळावर तिथल्या मंडळीचं बरंच काम उभं राहिलं. आपल्याकडे पगार नसलेल्या गृहिणीला, सुनेला, आजीला स्वतःच्या हाताने देता यावं म्हणून ही पद्धत फार चांगली. मुठीत साधारण 45 ग्रॅम तांदूळ येतात, दिवसाला दोनदा म्हटलं तर महिन्याला पावणेतीन किलोच्या आसपास. ज्वारी-बाजरीच्या घरात पीठ काढू नका, आठ-दहा दिवसांत कडवट होतं, दळायच्या आधी धान्यच काढा. डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा आणि महिन्याच्या आत डबा रिकामा करा. पोरकिडे झालेले तांदूळ कोणाच्या दारात नेणं हा त्यांचा अपमान आहे.

4. रविवारचं अर्पण, पावती आणि क्यूआर कोड

थाळीतल्या किंवा थैलीतल्या नियमित अर्पणाशिवाय वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, नोकरी, बरं होणं यासाठी उपकारस्तुतीचं अर्पण असतं. ते लिफाफ्यात घालून कारण लिहितात, काही मंडळ्यांत ते वाचूनही दाखवतात. नाव वाचायला नको असेल तर लिफाफ्यावर ‘एक कुटुंब’ एवढंच लिहा, कोणी हरकत घेत नाही. कॅथलिक धर्मग्रामात मिस्साचं (उपासनाविधीचं) अर्पण वेगळं आणि गरिबांसाठीची पेटी वेगळी, कुठल्या पेटीवर काय लिहिलंय ते वाचून टाका.

हंगामाच्या सणाला लोक धान्य, भोपळे, कोंबड्या, नारळ आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एकच नारळ चार वेळा परत लिलावाला येतो आणि हजारात जातो. गंमत असते, घ्या भाग. फक्त बोलीचा आकडा घरून ठरवून या. चारचौघांसमोर चढलेली बोली घरी गेल्यावर भांडण लावते.

पैशांचे काही पक्के नियम:

- मोबाइलवरून देताना क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव वाचा. मंडळीचं किंवा ट्रस्टचं नाव यायला हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर खजिनदाराला विचारा.
- 500 रुपयांच्या वर काहीही दिलं की पावती घ्या. अविश्वास म्हणून नव्हे, पावतीपुस्तक भरलं की खजिनदाराचंही रक्षण होतं.
- करसवलत गृहीत धरू नका. ज्याला लोक अजून 80 जी म्हणतात ती सवलत नोंदणी असलेल्या संस्थेच्याच देणगीला मिळते, एकाच धर्मसमुदायासाठी चालणाऱ्या ट्रस्टला ती सहसा नसते, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नाही.
- परदेशातल्या नातेवाइकांचा पैसा. मुलगा दुबईत नोकरीला आहे पण पासपोर्ट भारतीयच, तर त्याच्या बचतीतली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. पुतणीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलंय तर ठरते, तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. मग मंडळीकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि रक्कम त्यासाठीच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच यायला हवी. ‘माझ्या खात्यावर मागव, मी चर्चला देतो’ हा मार्ग प्रेमाने सुचवला जातो आणि सगळ्या मंडळीला अडचणीत आणतो.

5. न मागणारा कसा शोधायचा

यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीतसुद्धा ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत सुटत होत्या, तक्रार झाली आणि सात माणसं नेमावी लागली (प्रेषितांची कृत्ये 6). सुटणारी माणसं कायम तीच असतात: ज्यांची भाषा, आळी किंवा ओळख वेगळी.

आजच्या मंडळीत पुढच्या जागा तपासा.

मयताच्या घरी पहिले दहा दिवस डबे येतात, तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. घरभाडं नेमकं तेव्हा थकतं. दवाखान्यातून सुटी मिळालेला माणूस: भरती असताना भेटायला झुंबड, घरी आल्यावर गोळ्या निम्म्या घेतल्या जातात कारण पट्टी संपलेली असते. जून महिना, वह्या-पुस्तकं आणि गणवेश. ऊसतोडीचा हंगाम: बीड, अहिल्यानगरकडची तरणी माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात, आणि तेवढे महिने गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी नातवंडं उरतात. त्यांना पैशांपेक्षा कोणी रोज डोकावणारं हवं असतं.

शोध मंडळीपुरता ठेवू नका. गलतीकरांस पत्रात विश्वासाच्या घराण्यातल्यांचा विशेष उल्लेख आहे खरा, पण त्याच वाक्यात आधी ‘सर्वांचं’ बरं करा असं आहे. आणि येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, वाटेवर जखमी पडलेल्याला मदत करणारा आणि ती घेणारा एका मंडळीतले नव्हतेच.

भेटीला दोघं जा, एकटे कधीही नाही. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचं काम आजही घरभेटीवरच उभं आहे. एकट्या बाईच्या घरी जायचं तर दोघांत एक बाई हवीच. बसल्यावर ‘काय अडचण आहे?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, देवाची कृपा.’ त्याऐवजी छोटे प्रश्न विचारा: गॅस कधी भरला होता? गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? मुलं शाळेत कशाने जातात? राशन मिळालं का या महिन्यात? पाणी प्यायला मागा. आत जाऊन पाणी आणेपर्यंत ओट्याकडे नजर गेलीच तर डबे किती भरलेत ते कळतं, पण वहीत तिथे बसून लिहू नका.

6. काय न्यायचं

नवखे लोक दहा किलो तांदूळ आणि पाच किलो गहू घेऊन जातात. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मिळतंच. घरात डाळ नसते, तेल नसतं, साबण नसतो. चार माणसांच्या घरासाठी महिन्याचं किट असं बांधा:

- तूरडाळ 2 किलो, मूग किंवा मसूर 1 किलो
- गोडेतेल 2 लिटर
- शेंगदाणे 1 किलो, गूळ 1 किलो, साखर 2 किलो
- चहापत्ती 250 ग्रॅम
- मीठ 1 किलो, हळद 100 ग्रॅम, तिखट 250 ग्रॅम
- अंगाचे साबण 4, कपड्यांच्या वड्या 4
- सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं, घरात बाईमाणूस असेल तर न विचारता
- लहान बाळ किंवा मधुमेही माणूस असेल तर यादी बदला

शिधापत्रिका नसेल, किंवा अंगठा जुळत नाही म्हणून धान्य थांबलं असेल, तरच धान्य घाला, आणि रेशन दुकानात बरोबर जाऊन ते अडलेलं काम सोडवा.

वाण्याकडे उधारीचं खातं असेल तर किटपेक्षा तिथे जाऊन थकबाकीतले पाचशे-हजार भरणं कधीकधी जास्त कामाचं. वाण्याला नाव सांगायची गरज नाही, ‘यांच्या खात्यावर जमा करा’ एवढं पुरे. शाळेची फी शाळेतच भरा आणि पावती पालकांच्या हातात द्या. औषधं घेताना चिठ्ठीवरच्या औषधाचा जेनेरिक पर्याय जनऔषधी केंद्रात आहे का ते विचारा, तेवढ्याच पैशांत जास्त दिवसांच्या गोळ्या येतात. रोख रक्कम देण्यात काही चूक नाही, गरीब माणसाला स्वतःच्या गरजा तुमच्यापेक्षा चांगल्या कळतात. दारूचं व्यसन असलेल्या घरात मात्र रोख घरातल्या बाईच्या हातात, तीही नवऱ्यासमोर नाही.

जुने कपडे: स्वतःच्या भाच्याला घालाल तेच द्या. धुतलेले, बटणं लावलेले, घडी घातलेले. बाकीचे पुसायला वापरा.

जिथे जमेल तिथे काम द्या. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना केडगावला नुसतं जेवू घातलं नाही, पुढे तिथे विणकाम, तेलघाणा, छापखाना उभा राहिला. शिलाई येणाऱ्या विधवेला मंडळीच्या गणवेशाचं काम मिळवून देणं सहा किटांच्या बरोबरीचं आहे.

7. पैसे नसतील तर कागद भरा

हा भाग कोणी उपदेशात सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फळ इथेच आहे. सुटीचा एक दिवस आणि रांगेत उभं राहायची तयारी एवढंच भांडवल.

*विधवा, निराधार, वृद्ध.* संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवा-निराधारांना दरमहा 1,500 रुपये मिळतात. 65 च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. म्हणजे एका अर्जातून घरात वर्षाला 18,000 येतात, तुमचा लिफाफा इतका कधी भरणार? अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून. कागद:

- आधार कार्ड, आधार जोडलेलं बँक पासबुक
- शिधापत्रिका
- तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला
- रहिवासी दाखला
- वयाचा पुरावा
- पतीचा मृत्यू दाखला (विधवा असल्यास) किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो

अर्ज अडतो तो नावावर. आपल्या लोकांत हे फार: बाप्तिस्म्याच्या नोंदीत मार्था, आधारवर सुमन, शिधापत्रिकेवर सुमनबाई, पासबुकात नवऱ्याचं नाव वेगळ्या पद्धतीने. अर्ज भरायच्या आधी चारही कागद शेजारी ठेवून नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचं त्याला जुळवून घ्या. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकीवर परत पाठवतील. मंजुरीनंतर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे बंद. वहीत महिना लिहून ठेवा आणि आजींना घेऊन जा.

*दवाखाना.* महाराष्ट्रातल्या धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. चकचकीत, मोठी वाटणारी कित्येक रुग्णालयं यात येतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी 1 लाख 80 हजार, दुर्बल घटकांसाठी 3 लाख 60 हजार. भरती होतानाच तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा आणि उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार दाखवा. बिल हातात आल्यावर धावाधाव केली तर उशीर झालेला असतो. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या प्रतिनिधीला) विचारा. हे सगळं झाल्यावर जी रक्कम उरेल तेवढ्यासाठीच मंडळीत हात पुढे करा.

रक्तदानही याच यादीत. पुरुषांना 90 दिवसांनी, बायकांना 120 दिवसांनी पुन्हा देता येतं.

8. दारात गेल्यावर

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, म्हणजे व्यवहारात: फोटो नाही, स्टेटस नाही, गटावर ‘आज एका कुटुंबाला मदत केली’ नाही. देणगीदारांना दाखवायला फोटो हवाच असेल तर बांधलेल्या पिशव्यांचा काढा, माणसांचा नाही. दिवसाउजेडी चार स्वयंसेवक बॅनरसकट गल्लीत शिरले की त्या घराची गल्लीभर चर्चा होते. दिवेलागणीनंतर, साध्या कापडी पिशवीत, दोघांनी जावं. ‘आई, हे आमच्या घरातून’ एवढं बोलणं पुरतं.

पिशवीत पत्रक घालू नका. ‘रविवारी या हं’ म्हणू नका. प्रार्थना करू का, असं तुम्ही विचारल्यावर नाही म्हणायची त्यांना सोय उरत नाही, म्हणून त्यांनी म्हटल्याशिवाय करू नका. दुसऱ्या धर्माच्या घरी तर हे दुप्पट पाळा. मदतीला अट जोडली की तिचा सौदा होतो, आणि आजच्या दिवसांत त्यावरून तक्रारही होते. परतफेड न करू शकणाऱ्यांना जेवायला बोलवा असं येशूने सांगितलं (लूक 14). परतफेडीत उपासनेची हजेरीही आलीच.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा एकदा, पण पैशांच्या अंगाने वाचा. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, रात्रभर सेवा केली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. म्हणजे रक्कम ठरलेली, काम जाणत्या माणसाकडे सोपवलेलं, पुन्हा येण्याचा शब्द दिलेला, आणि स्वतःच्या प्रवासाला तो निघालासुद्धा. आपल्यातले कित्येक जण पहिल्या दिवशी दहा दिनार देतात आणि परत त्या रस्त्याने जात नाहीत.

9. नाही कुठे म्हणायचं

*फाटकावरचा तिकिटाचा माणूस.* पाकीट मारलं, मिरजेचं तिकीट हवं. स्टेशनवर बरोबर चला, तिकीट काढून देतो आणि वाटेत जेवू, असं म्हणा. खरा असेल तर येतो. वेळ नसेल तर तिसऱ्या लिफाफ्यातले पन्नास द्या आणि मनातून काढून टाका.

*‘बी पेरा’वाले.* हजाराचं बी पेरा, शंभरपट मिळेल, असं सांगून पैसे गोळा करणारा प्रचारक मोबाइलवर असो की व्यासपीठावर, त्याला एक रुपया देऊ नका. परताव्याच्या आशेने दिलेले पैसे गुंतवणूक असतात, तीही बुडणारी. गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (अगदी छोटी नाणी) टाकल्या त्यात तिला काय परत मिळालं, हे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही.

*फॉरवर्ड झालेलं आवाहन.* आजारी बाळाचा फोटो, खाली खातं क्रमांक. रुग्णालयाचं नाव आणि भरती क्रमांक विचारा, पैसे रुग्णालयाच्या खात्यात भरतो म्हणा. उत्तर आलं नाही तर विषय मिटला.

*उसने.* मंडळीतल्या माणसाला उसने देताना बुडाले तरी चालतील एवढेच द्या आणि व्याज घेऊ नका, गरिबाकडून व्याज घेणं निर्गम 22 मध्ये मनाच आहे. मोठी रक्कम असेल तर कागद करा. पाळक स्वतःसाठी खाजगीत पैसे मागत असतील तर पंचकमिटीतल्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या) एकाला बरोबर घेऊनच बोला. त्यांचा पगार थकला असेल, तर तो सगळ्या मंडळीचा प्रश्न आहे.

10. दोन-चार कुटुंबं मिळून निधी करायचा असेल तर

यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम नेताना पौलाने मुद्दाम इतरांना बरोबर घेतलं, कोणी बोट ठेवू नये म्हणून (2 करिंथ 8). तोच नियम. खातं दोन सह्यांचं, सह्या करणारे नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ नकोत. पेटी उघडताना दोघं हजर आणि मोजलेली रक्कम तिथेच दोघांच्या सहीने लिहायची. 3,000 पर्यंतचा निर्णय दोघांनी फोनवर घ्यावा, कारण रात्री अकराला दवाखान्यात बैठक भरवता येत नाही. त्यावरचा सगळ्यांनी मिळून.

नोंदवह्या दोन ठेवा. एकीत क्रमांक, तारीख, रक्कम, कारण (‘औषध’, ‘फी’, ‘भाडं’). दुसरीत क्रमांक आणि नाव, ती एकाच माणसाच्या कपाटात. मंडळीसमोर तिमाही हिशेब पहिल्या वहीतून वाचायचा. नाव वाचलं गेलं की त्या घरातली मुलगी पुढच्या रविवारी शाब्बाथ शाळेला येत नाही.

निधीत सहा महिन्यांच्या सरासरी खर्चाहून जास्त साठू देऊ नका. साठलेला निधी छपराकडे, रंगकामाकडे, स्पीकरकडे वळतो. प्रत्येक वेळी कारण पटणारंच असतं.

निधीतल्या कोणाची नोकरी गेली तर त्याची वर्गणी त्याच महिन्यापासून थांबवा, आणि त्याने विचारायची वाट न पाहता दोघांनी त्याच्याही घरी जाऊन यावं. सह्या करणाऱ्यांपैकी तो एक असेल, तर त्याच्या अर्जावर दुसऱ्या कोणीतरी सही करायची.